मुक्कामाची उंची : मुलांसह लडाखच्या वाटेवर

तंबू, शेगडी आणि अंथरूण-पांघरूण स्वतःच्या गाडीत टाकून मुलांसह लडाखला जायचे ठरले, की घरात पहिली चर्चा होते ती किलोमीटरांची. मनाली ते लेह सुमारे 430 किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. मध्ये सरचूला तंबू ठोकायचा. हा हिशेब रस्त्याचा झाला. मुलाच्या शरीराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आकडा एकच : त्या रात्री मूल किती उंचीवर झोपणार.

उंचावरच्या हवेतही ऑक्सिजन समुद्रकाठच्याइतकाच, सुमारे 21 टक्के असतो. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला, 3500 मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरतो आणि त्याच मानाने प्रत्येक श्वासातला ऑक्सिजन घटतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. गिर्यारोहकांच्या वैद्यकात रुळलेला दंडक असा : 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत 500 मीटरपेक्षा वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा ओलांडलेल्या खिंडीची उंची या दंडकात धरलेली नाही. उंचीचा त्रास बहुधा पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी डोके वर काढतो. तोवर गाडी खिंड उतरून खाली आलेली असते.

या मापाने लेहच्या दोन्ही वाटा पाहाव्यात. मनाली 2050 मीटरवर आहे. 2020 मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांग खिंड चढावी लागत नाही आणि सुमारे 3200 मीटरवरचे जिस्पा पहिल्याच दिवशी सहज गाठता येते. पुढचा रूढ मुक्काम सरचू, सुमारे 4300 मीटर. एका रात्रीत 1100 मीटरची ही उडी दंडकाच्या दुपटीहून अधिक आहे. उलट श्रीनगर 1600 मीटरच्या आत, कारगिल 2700 च्या आसपास, आणि फोटू ला ही 4100 मीटरची खिंड दिवसाउजेडी ओलांडली की आल्ची 3100 वर. तिथे एक रात्र काढून लेहला गेले, तर एकही उडी दंडकाबाहेर जात नाही. म्हणून मुले बरोबर असतील तर श्रीनगरकडून जावे आणि परतताना मनालीची वाट धरावी, असे मला ठामपणे वाटते. लेहला आठवडाभर राहिलेले मूल परतीच्या वाटेवर सरचूला पोहोचते तेव्हा त्याचे रक्त आणि श्वास बरेचसे सरावलेले असतात.

सरचूबद्दलचा माझा आक्षेप केवळ आकड्याचा नाही. उंचीच्या आजारावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणे. सरचूहून मनालीकडे उतरायचे, तर आधी सुमारे 4900 मीटरची बरालाचा ला चढावी लागते. लेहच्या दिशेला नकी ला, लाचुलुंग ला आणि शेवटी 5300 मीटरची टांगलांग ला. मध्यरात्री मूल ओकू लागले, धाप लागली, तर आईबापांनी गाडी कुठे वळवायची? पांग आणि मोरेचे पठार तर याहून उंचावर आहेत. जिथून सरळ उतार मिळत नाही, तिथे उंचीला न सरावलेल्या मुलाला झोपवू नये.

मुलांना हा त्रास मोठ्यांपेक्षा अधिक होतो असे दिसत नाही. तो ओळखणे मात्र फार कठीण. मोठा माणूस डोके दुखते म्हणतो. दोन वर्षांचे मूल किरकिरते, दूध नाकारते, खेळणे सोडून मलूल पडते, झोपेतून रडत उठते. शिवाय हीच लक्षणे आणखी दोन कारणांनी दिसतात. पहिले म्हणजे गाडी लागणे. ती वळणांवर लागते आणि गाडी थांबवून मोकळ्या हवेत फिरवले की तासाभरात बहुतेक उतरते. उंचीचा त्रास चालत्या गाडीपेक्षा मुक्कामी, संध्याकाळनंतर वाढतो. वेळेचा हा फरक पालकांच्या हातातले सर्वांत उपयोगी साधन आहे. मुक्कामी पोहोचून दोन तास झाले तरी मूल खेळायला उठत नसेल, तर त्या रात्री आणखी वर जायचा बेत रद्द करावा, आणि ते सुधारत नसेल तर वाट न पाहता उतरावे. ज्याला नुकताच सर्दी-खोकला झाला आहे त्याच्या बाबतीत अधिक कडक राहावे, कारण अशा मुलांत फुप्फुसात पाणी साचण्याचा धोका वाढतो. औषधाची गोळी द्यायची की नाही हे निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञाने ठरवावे.

दुसरे कारण सर्वांत घातक आणि पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे : कार्बन मोनॉक्साइड. थंडीमुळे कोणी तंबूत सिगडी ठेवतो, कोणी स्वयंपाकाचा स्टोव्ह आत पेटवतो, कोणी हीटरसाठी उभ्या गाडीचे इंजिन रात्रभर चालू ठेवतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि त्याने होणारी डोकेदुखी व मळमळ हुबेहूब उंचीच्या त्रासासारखी असते. मुलांचा श्वास जलद असल्याने विष त्यांच्यात लवकर भिनते. एकाच तंबूतल्या सगळ्यांना एकदम त्रास होऊ लागला, तर आधी सर्वांनी बाहेर पडावे, कारणाची चर्चा नंतर. उबेसाठी आगीपेक्षा अंगाखालची जाड मॅट अधिक कामाची. झोपलेल्या मुलाची ऊब जमीन सतत खेचून घेत असते.

स्वयंपाकाचे थोडक्यात. 4300 मीटरवर पाणी सुमारे 86 अंशांनाच उकळते, तेव्हा डाळ-तांदूळ उघड्या पातेल्यात नीट शिजत नाहीत. छोटा प्रेशर कुकर घेतलाच पाहिजे. निव्वळ ब्युटेनचे गॅसचे डबे गोठणबिंदूच्या आसपास जवळजवळ निकामी होतात. प्रोपेन मिसळलेले घ्यावेत.

राहिला प्रश्न सुट्टीचा. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आणि बरालाचा लावरचा बर्फ काही वर्षी मे संपेपर्यंत वाट अडवतो. श्रीनगरच्या वाटेवरची झोजी ला ही खिंड सहसा त्याआधी खुली होते. म्हणजे मे महिन्यात निघणाऱ्या कुटुंबाला श्रीनगरची वाट धरावी लागते ती बऱ्याचदा बर्फामुळेच. मनालीचा रस्ता उघडल्याची बातमी आली म्हणून ऐन वेळी बेत फिरवू नये. जाताना श्रीनगरच ठेवावे, आणि परतीपर्यंत बरालाचा ला खुली झाली असेल तरच मनालीकडून उतरावे.