दोरीला हात

माझ्या आजोबांना आम्ही आजो म्हणत असू. मालवणहून तारकर्लीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची वाडी. मागच्या दारातून उतरलं की माडांची एक रांग, आणि लगेच वेळ, म्हणजे समुद्रकिनारा. म्हातारपणी जाळं विणायच्या सुईत दोरा ओवायला आजो आम्हा पोरांना हाक मारायचा. पण दूरच्या पाण्याचा रंग फिरला की वाडीत सगळ्यात आधी त्यालाच कळायचं. मग त्याची आरोळी उठे, "तारली इली रे!" हातातलं काम टाकून वाडी किनाऱ्याकडे धावे.

ती धाव रापणीसाठी असे. रापणीच्या जाळ्याची एक दोरी किनाऱ्यावर ठेवून होडी पाण्यात शिरते, जाळं सोडत सोडत मोठा अर्धवर्तुळाकार वळसा घेते आणि दुसरी दोरी लांबवर किनाऱ्याला आणून देते. दोन्ही दोऱ्यांना माणसं लागतात. टाचा वाळूत रुतवून, मागे रेलून, एका लयीत ओढत राहायचं. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकतात आणि शेवटी खोळ, म्हणजे जाळ्याची पिशवी, वर येते. त्यात तारली, बांगडे, पेडवे, कधी नशिबाने एखादी इसवण, म्हणजे सुरमई. ती खोळ वाळूवर आली की होणारा सळसळ आवाज मला आजही झोपेत ऐकू येतो.

मासळीपेक्षा आजोच्या गोष्टींत वाट्यांचं बोलणं जास्त असे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे, देवाचा वाटा. आजोचा बाप वारला तेव्हा आजो नऊ वर्षांचा होता. दुसऱ्याच महिन्यात त्याची आई त्याला घेऊन दोरीला उभी राहिली. नऊ वर्षांच्या पोराच्या ओढण्याने रापण काय हलणार? पण वाटे घालणाऱ्या म्हाताऱ्याने आईच्या वाट्याशेजारी एक लहान वाटा वेगळा घातला. कुणीतरी कुरकुरलं, तेव्हा तो म्हणाला, "दोरयेक ज्येचो हात, तेका वाटो." हे सांगताना आजोचा आवाज दर वेळी घोगरा होई. आमचं घर त्या लहान वाट्यावर उभं राहिलं, असं तो म्हणायचा.

रापणीचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. एकाची रापण पाण्यात असेपर्यंत दुसऱ्याने त्या जागी होडी घालायची नाही. वाद झालाच तर देवळात गाऱ्हाणं घालायचं आणि तिथे ठरेल ते दोघांनी मानायचं. पावसाळ्यात जाळी माळ्यावर जात. आजी म्हणायची, "पावसात दर्यो गाभण आसता, तेका हात लावचो नाय." नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात ढकलायची कुणाची छाती नव्हती. पुढे सरकारने पावसाळी बंदी आणली. ती आधी नारळी पुनवेच्या आसपास, फार तर १५ ऑगस्टपर्यंत चाले. नंतर ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची झाली. नारळी पुनव बहुतेक वर्षी त्यानंतरच येते. आजीचा हिशेब सरकारी हिशेबापेक्षा दर्याला जास्त दिवस देत होता.

आमची माणसं सगळी साधू होती, असं मी म्हणणार नाही. रापणीच्या खोळीतही बारीक मासळी येते. पण त्या जाळ्याची मर्यादा त्याच्या बांधणीतच होती. रापण मासळीचा पाठलाग करू शकत नाही. मासळी किनाऱ्याला आली तर मिळायची. दोरी पुरेल तिथवरच मिळायची. माणसांच्या हातांत ओढायचं बळ असेल तेवढीच मिळायची. आजोच्या तरुणपणी जाळी तागाची आणि सुताची असत. ती कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळत घालावी लागत. जाळं वाळत असेल त्या दिवशी दर्यालाही सुट्टी.

मग नायलॉन आलं, इंजिनं आली, आणि ट्रॉलर आले. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं. पुढे पर्ससीन आलं. ते मासळीच्या अख्ख्या थव्याला वेढा घालतं आणि पिशवीचं तोंड आवळावं तसं खालून आवळून घेतं. थव्यातलं काहीच मागे उरत नाही. माझ्या वडिलांनी एका रात्री किनाऱ्यापासून फार दूर नाही अशा जागी न्हयचं जाळं, म्हणजे गिलनेट, सोडलं होतं. पहाटे गेले तर जाळ्याचा अर्धा भाग कापून नेलेला. अंधारात कुठलासा मोठा ट्रॉलर त्यावरून गेला होता. कर्जाने घेतलेलं जाळं होतं ते. बाबा ते उरलेलं जाळं खांद्यावर टाकून घरी आले आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी आजो एवढंच म्हणाला, "दर्याक दार नाय, म्हणान कोणी कधीय घुसाचा काय?"

तोच प्रश्न आमच्या शेजारी, गोव्यात, सत्तरच्या दशकात रापणकारांनी रस्त्यावर येऊन विचारला. त्यांचे नेते माथानी सालढाणा त्यांच्यात उभे होते. गोव्याचा सागरी मासेमारी कायदा १९८० साली झाला, महाराष्ट्राचा १९८१ साली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत येतं. दर्याला कागदावर तरी दार बसलं.

पण दार बसवताना घरातल्यांना विचारावं लागतं. १९८७ साली मालवणच्या समुद्रात सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतालचं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र. हेतू चांगला होता, इथली प्रवाळं खरोखर जपण्याजोगी आहेत. पण आमच्या वाडीला ती बातमी परक्या माणसाने घरात येऊन कुलूप लावावं तशी लागली. गावागावांतून विरोध झाला आणि पुढे कित्येक वर्षं 'अभयारण्य' हा शब्द नुसता उच्चारला तरी माणसं उठून जात.

याच्या उलट एक उदाहरण आहे. जाळ्यात कासव किंवा देवमासा अडकला तर जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ सालापासून राज्यात २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. हा नियम करणाऱ्याला कापलेल्या जाळ्याची किंमत ठाऊक होती. म्हणून तो नियम माणसांनी उचलला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. त्या कांदळवनावर कोयता पडू लागला तर पहिली हाक त्याच देतील.

पारंपरिक मच्छीमारांच्या लढ्यानंतर पर्ससीनबाबत नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला, आणि त्याच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. पर्ससीन मासेमारीचा काळ सप्टेंबर ते डिसेंबर इतकाच ठेवला आणि ४९४ परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचं ठरलं. २०१७ साली प्रखर दिव्यांच्या उजेडात मासळी गोळा करून पकडण्यावर केंद्राने बंदी घातली. २०२३ साली पापलेट, म्हणजे आमचा सरंगा, राज्यमासा झाला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीचं किमान आकारमान ठरवून त्याहून लहान मासा पकडायला मनाई झाली. हे सगळं हवंच होतं. तरीही अंधार पडला की आमच्या किनाऱ्यावरून क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते, आणि बंदीचा कागद कपाटात ठेवलेली माणसं ती रांग बघत बसतात.

म्हणून मला वाटतं, आजोच्या वाडीने जे देवळात बसून केलं ते आज पुन्हा करायला हवं. कुठल्या पाण्यात कुणी, कधी, कुठल्या जाळ्याने जायचं हे ठरवताना रापणकर, न्हयवाले आणि मासळी विकणाऱ्या बायका पहिल्या रांगेत बसलेल्या असाव्यात. गस्तीच्या नौकेवर गावचा माणूस असावा. बंदीच्या दिवसांत चुलीला आधार असावा. जो नियम पाळणार आहे, त्याचा नियम करण्यात हात असावा. दोरीला हात नसलेल्याने वाटे घालू नयेत.

गेल्या डिसेंबरात वाडीत गेलो होतो. किनाऱ्यावर पर्यटकांच्या होड्यांची गर्दी, त्यातून वाट काढत रापण लागली होती. ओढणारे बहुतेक पन्नाशीपुढचे. मीही दोरीला लागलो. तळहात सोलवटले. खोळीत फार नव्हतं, दोन टोपल्या तारली आणि थोडे पेडवे. तरी वाटे घालताना एका माणसाने न विचारता माझ्यासमोर मासळीची एक लहान रास घातली. आजोला मिळाला होता तेवढाच असेल तो वाटा.

मासे खाणाऱ्या प्रत्येकाला माझं एक सांगणं आहे. बाजारात तळहातापेक्षा लहान सरंगा किंवा वीतभर इसवण दिसली तर स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. ती पुढल्या वर्षीची मासळी आहे, आणि तिच्यावर दोरीला उभ्या असलेल्या एखाद्या नऊ वर्षांच्या पोराचा हक्क आहे.