देहबाह्य अनुभव

देहबाह्य अनुभव : जागेपणी आपण शरीराबाहेर आहोत, बहुधा थोडे वर तरंगत आहोत आणि तिथून स्वतःचाच देह दिसतो आहे, अशी जाणीव. झोपेच्या उंबरठ्यावर, भुलेच्या औषधांखाली, अपस्माराच्या झटक्यात किंवा जिवावरच्या प्रसंगात ती येते. धडधाकट माणसालाही क्वचित येते. ज्याला येते त्याला ती स्वप्नापेक्षा कितीतरी खरी वाटते. तो खोटे बोलत नसतो, हे आधी मान्य केले पाहिजे.

आपण कुठे आहोत हे मेंदू क्षणोक्षणी ठरवत असतो. डोळे, त्वचा, स्नायू, सांधे आणि आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा यांच्याकडून येणाऱ्या खबरी तो जुळवतो. बराच वेळ नावेत फिरून आलेला माणूस घाटाच्या दगडी पायरीवर टेकला, तरी काही वेळ त्याला अंग डोलतेच आहे असे वाटते. पायरी हललेली नसते, अंगही नाही. मेंदूचा हिशेब अजून नावेतच असतो. हा हिशेब याहून खोलवर बिनसला, तर 'मी' आणि 'माझे शरीर' यांच्या जागाच वेगळ्या पडतात. फ्रान्समधील एका अभ्यासात (२०१८) चक्कर येणाऱ्या २१० रुग्णांपैकी १४ टक्क्यांनी देहबाह्य अनुभव सांगितला; तेवढ्याच इतर लोकांत हे प्रमाण ५ टक्के होते.

सर्वांत बोलका पुरावा जिनिव्हाचा आहे. ओलाफ ब्लांके व सहकारी अपस्माराच्या एका ४३ वर्षांच्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूवर सौम्य विद्युतप्रवाह देऊन तपासणी करत होते (२००२). उजव्या बाजूच्या कोनीय वलयाला प्रवाह दिला, तेव्हा आधी तिला आपण गादीत रुतत आहोत, उंचावरून पडत आहोत असे वाटले. प्रवाह वाढवल्यावर ती छताजवळ तरंगू लागली आणि खाली पडलेले आपले शरीर तिला दिसले. दिसले ते फक्त पाय आणि धडाचा खालचा भाग. प्रवाह थांबला की अनुभव थांबे, दिला की पुन्हा येई. निरोगी माणसांतही याची सौम्य छटा निर्माण करता येते. २००७ मध्ये हेन्रिक एर्सन यांनी स्वयंसेवकांना डोळ्यांवरच्या पडद्यातून त्यांचीच पाठ दाखवली. खऱ्या छातीला आणि पाठीमागच्या कॅमेऱ्यांखालच्या रिकाम्या जागेला एकाच वेळी काठी लावली, तर ते स्वतःला कॅमेऱ्यांच्या जागी समजू लागले. त्या रिकाम्या जागेवर हातोडा उगारताच त्यांना भीती वाटे.

मराठीत हा विषय पहिल्या गद्यग्रंथापासून आहे. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'नुसार द्वारावतीच्या चांगदेव राउळांनी देह ठेवला आणि भडोचच्या हरिपाळदेवाच्या, चितेकडे नेलेल्या देहात प्रवेश केला. तेच पुढे चक्रधरस्वामी. महानुभावांच्या श्रद्धेत या लीळेचे स्थान मोठे आहे. मात्र परकायाप्रवेश आणि देहबाह्य अनुभव यांची गल्लत करू नये. एकात साधक मुद्दाम दुसऱ्याच्या देहात जातो. दुसऱ्यात ध्यानीमनी नसताना माणूस स्वतःचाच देह लांबून पाहतो.

संस्कृतीचा रंग या अनुभवांवर चढतोच. सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी उत्तर भारतातील १६ मृत्युसमीप अनुभव तपासले (१९८६). पाश्चात्त्य रुग्णांप्रमाणे वरून स्वतःचा देह पाहण्याऐवजी इथले लोक सांगत होते ते यमदूतांनी नेल्याचे, आणि चुकीचा माणूस आणला म्हणून परत पाठवल्याचे.

असा अनुभव वारंवार येत असेल, विशेषतः त्याबरोबर चक्कर, डोकेदुखी किंवा शुद्ध हरपणे असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. घरच्यांनीही अशा माणसाला वेडे ठरवू नये आणि सिद्धपुरुषही करू नये.

वरून खरोखरच काही दिसते का, याचीही परीक्षा झाली आहे. हृदयक्रिया थांबलेल्या ५६७ रुग्णांच्या अभ्यासात (२०२३) पुनरुज्जीवनाचे प्रयत्न चालू असताना डोक्याजवळच्या पडद्यावर चित्रे दाखवली आणि कानात तीन फळांची नावे ऐकवली. वाचलेल्यांपैकी २८ जणांशी बोलता आले. चित्र एकालाही ओळखता आले नाही. फळांची नावे एकाने सांगितली.