ग्रंथ कोणाचा, रीत कोणाची?

संगणकाचा प्रोग्राम ही कायद्याच्या दृष्टीने वाङ्मयकृती होय. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली तशी दुरुस्ती झाली. ज्याचे श्रम त्याचे फळ, असे आम्ही कामगार चळवळीतील माणसे जन्मभर सांगत आलो. तेव्हा लेखनाच्या रक्षणास आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु प्रोग्राम लिहिणारा बहुधा पगारी नोकर असतो आणि हक्क मालकाकडे जातो. म्हणूनच या हक्काची शीव कोठे संपते, हे पाहणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. अमेरिकेत चार्ल्स सेल्डन याने १८५९ साली जमाखर्चाची एक नवी रीत पुस्तकरूपाने मांडली. रकाने आखलेले कोरे नमुनेही दिले. पुढे बेकर याने तसेच नमुने काढले, तेव्हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८७९ साली निकाल झाला: पुस्तक लेखकाचे, त्यातली रीत कोणीही वापरावी.

शतकानंतर तोच वाद संगणकावर आला. लोटस कंपनीचा '१-२-३' हा आकडेमोडीचा प्रोग्राम १९८३ साली निघाला. त्याच्या ४६९ आज्ञा पन्नासाहून अधिक याद्यांत मांडलेल्या होत्या. कचेऱ्यांतील माणसांनी त्या पाठ केल्या, त्या जोडून आपापल्या कामाच्या साखळ्या रचल्या. बोरलँड कंपनीने आपला प्रोग्राम स्वतंत्रपणे लिहिला, पण या लोकांसाठी आज्ञा त्याच ठेवल्या. लोटसने १९९० साली दावा लावला. खालच्या न्यायालयात ती जिंकली. परंतु १९९५ साली बोस्टनच्या अपील न्यायालयाने ठरविले, की आज्ञांची ही मांडणी म्हणजे यंत्र चालविण्याची रीत आहे, व्हिडिओ यंत्राच्या बटणांसारखी. एका न्यायमूर्तींनी तर विचारले, की शिकण्याचे कष्ट ग्राहकांचे असता त्यांनीच लोटसचे बंदिवान का राहावे?

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार मते पडली. अपिलाचा निकाल टिकला, पण देशभर बंधनकारक दंडक झाला नाही. २०२१ साली ओरॅकलविरुद्ध गूगल या खटल्यात सुमारे ११,५०० ओळींची नक्कल 'उचित वापर' ठरली. मूळ प्रश्न न्यायालयाने तेव्हाही बाजूस ठेवला.

गिरणीत साचा मालकाचा असे. तो चालवून बसलेला हात मात्र साचेवाल्याचा. दुसऱ्या गिरणीत जाताना तो कोणी फाटकावर काढून घेत नसे. संगणकापुढे बसणाऱ्यांचाही हात त्यांचाच राहिला पाहिजे, एवढेच आमचे मागणे आहे.