ललित साळवे प्रकरण : वृत्तमाध्यमांतील चित्रण

बीड जिल्हा पोलीस दलातील शिपाई ललित साळवे यांची शस्त्रक्रिया आणि नोकरी टिकवण्याची मागणी यांचे २०१७ पासून झालेले वार्तांकन. साळवे माजलगाव तालुक्यातील राजेगावचे. २०१० मध्ये ते ‘महिला पोलीस शिपाई’ म्हणून भरती झाले. पुढे वैद्यकीय तपासणीत त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र आढळले. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेली, कारण महिला व पुरुष शिपायांच्या भरतीचे शारीरिक निकष वेगळे. प्रश्न सेवेचा असल्याने मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे (मॅट) जायला सांगितले. अखेर शासनाने परवानगी दिली आणि २५ मे २०१८ रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली.

बातम्यांचा भर ‘ललिता ते ललित’ या पालटावर राहिला. आधीचे छायाचित्र, नंतरचे छायाचित्र आणि मध्ये शस्त्रक्रियागृह. जणू माणूस तिथेच घडला. फ्रान्समधील आमियाँ येथे २००५ साली पहिले अंशतः मुखप्रत्यारोपण झाले, तेव्हाही रुग्ण पुन्हा खाऊ-बोलू शकेल का यापेक्षा तो चेहरा आता कोणाचा, याचीच चर्चा रंगली होती. साळवे यांना मात्र आपण कोण हे ठाऊक होते. अडले होते ते सेवापुस्तकापाशी. लिंगओळख व्यक्तीने स्वतः ठरवावी, तिच्यासाठी शस्त्रक्रियेची अट नसावी, असे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण (नालसा) खटल्याच्या निकालात १५ एप्रिल २०१४ रोजीच म्हटले होते.

मराठी बातमीदारापुढे आणखी एक पेच असतो. ‘साळवे म्हणाल्या’ की ‘साळवे म्हणाले’? आदरार्थी रूपही लिंगापासून सुटत नाही, त्यामुळे बातमीचे पहिलेच क्रियापद निवाडा देऊन टाकते. तो निवाडा बातमीदाराचा नव्हे, ज्याचे आयुष्य आहे त्याचा. म्हणून या नोंदीत २०१० च्या भरतीसाठीही पुल्लिंगच वापरले आहे.

‘लिंगबदल’ हा मथळ्यातला शब्दही या प्रकरणाला तोकडा पडतो. ज्यामुळे तो तोकडा पडतो तो गुणसूत्रांचा तपशील बातमीत पुष्कळदा खाली, आणि वाचक तिथवर पोहोचतोच असे नाही.

साळवे पोलीस सेवेतच राहिले. २०२० मध्ये त्यांचा विवाह झाला. जानेवारी २०२४ मध्ये ते वडील झाले, तेव्हाच्या मथळ्यांतही शस्त्रक्रियेचा उल्लेख होता.