मालेगावचा सुपरमॅन आणि आमचे हसू

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांसमोर येतात. माणसे कशावर हसली, याची नोंद बखरकारांनी फारशी ठेवली नाही. त्यातही मुसलमान माणूस हसतो, हसवतो, स्वतःची फिरकी घेतो, हे आपल्या रुपेरी पडद्याला फार उशिरा उमगले. पडद्यावरचा मुसलमान एक तर शेरवानीतला नवाब असे, नाही तर ‘शोले’मधल्या आंधळ्या इमामसाहेबांसारखा त्यागमूर्ती. १९९० नंतर त्याच्या हातात बंदूकही आली. पण बारा-बारा तास मागावर उभा राहणारा आणि स्वतःच्याच फजितीवर खो खो हसणारा मुसलमान पडद्यावर यायचा, तर त्यानेच कॅमेरा हातात घेणे भाग होते. तो त्याने घेतला. कुठे आणि कसा, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही शेंद्र्याचे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आमच्या जिभेवरचे औरंगाबाद, सोडून जालना रस्त्याला लागले की आमचे गाव येते. गावाचे पूर्ण नाव शेंद्रा कमंगर. कमानगर म्हणजे फारसीत धनुष्य घडवणारा कारागीर. चैत्रात इथे मांगीरबाबाची यात्रा भरते. औद्योगिक वसाहत आली, २००१ साली स्कोडाच्या मोटारींची जोडणी इथे सुरू झाली आणि ज्वारी-कापसाच्या शिवारात पाळ्यांचे भोंगे वाजू लागले. भाड्याच्या खोल्यांतून मराठवाडा, खानदेश, विदर्भ, बिहार असे सारे एका चुलीवर जेवू लागले. अशाच एका खोलीत, सुट्टीच्या दिवशी, मालेगावकडच्या एका सोबत्याने आणलेली सीडी आम्ही लावली. चित्रपटाचे नाव होते ‘मालेगाव के शोले’.

खरे सांगायचे तर आमच्यातले जे चार बुके शिकलेले होते, त्यांना पहिली दहा मिनिटे लाज वाटली. आवाज फाटका, चित्र हलते, गब्बरचे नाव रबरसिंग आणि बसंतीची झाली बासमती! डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर. आपली माणसे आपलेच हसे करून घेत आहेत, असे आम्हाला वाटले. पण शेजारी बसलेले कामगार पोट धरून हसत होते. त्या दोन हसण्यांत, त्यांच्या खुल्या आणि आमच्या चोरट्या, जे अंतर होते, त्याचा विचार आम्ही नंतर बरीच वर्षे करत आलो आहोत.

मालेगाव हे नाशिक जिल्ह्यातले यंत्रमागांचे शहर. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून उखडलेले मोमीन विणकर इथे येऊन वसले, आणि त्यांच्या हातमागांची पुढे यंत्रमागांत वाढ झाली. गावाची बोली म्हणजे उर्दू, मराठी आणि अहिराणीचा एकत्र विणलेला पोत. मागांना सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे जुम्याच्या नमाजानंतर चित्रपटगृहांसमोर गर्दी उसळे. या गावात नासिर शेख यांचे व्हिडिओ पार्लर होते. तिथेच चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांचे मूकपट पाहून त्यांची नजर घडली. कुठल्याही फिल्म संस्थेत ते गेले नाहीत. २००० साली, पन्नास हजार रुपयांच्या आसपास खर्चात, गावातल्याच मित्रांना घेऊन त्यांनी ‘शोले’ नव्याने केला. मूळ ‘शोले’ १९७५चा, त्याला कोट्यवधी रुपये लागले होते. इथे ट्रॉलीच्या जागी सायकल आणि क्रेनच्या जागी बैलगाडी. चित्रपट नासिरभाईंच्या पार्लरमध्ये गर्दी खेचत राहिला.

पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ निघाला. नायक शफीक शेख हा यंत्रमाग कामगार, अंगाने इतका किडकिडीत की वाऱ्यानेच उडावा. त्याला आडवा धरून, मागे हिरवे कापड लावून ‘उडवले’ गेले. हा सुपरमॅन धड उडत नाही, धडपडतो. त्याचा शत्रू जगाचा ताबा मागत नाही. त्याला हवी आहे घाण, थुंकी आणि तंबाखू. फैजा अहमद खान यांनी या चित्रीकरणावर २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, तेव्हा बाहेरच्या जगाला या मंडळींचा पत्ता लागला. पडद्यावर तंबाखूशी लढलेला शफीक पुढे तोंडाच्या कर्करोगाने गेला. असा शेवट कुणा लेखकाने लिहिला असता, तर आपण तो ओढूनताणून आणलेला म्हटला असता.

असल्या विक्षिप्त विनोदात लोकांना काय सापडते? आमच्या मते उत्तर सोपे आहे. अमेरिकेतला सुपरमॅन उंच इमारतींवरून उडतो, तेव्हा आपण मान वर करून पाहतो. तोच पत्र्याच्या लूमशेडवरून उडून गटाराशी धडपडला, की तो आपल्या मोहल्ल्याचा होतो. स्वप्न मोठे आणि चड्डीची नाडी तुटकी, या दोहोंमधल्या अंतरातच कामगाराचा दिवस जातो. ते अंतर पडद्यावर दिसले की हसू फुटते, आणि हसताना ते घटकाभर सुसह्य होते.

हे परदेशातून आलेले खूळ आहे, असेही कुणी समजू नये. आमच्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली. त्यांतली कूट भारुडे जगाचे नियम उलटेपालटे करून ऐकणाऱ्याला चक्रावून सोडतात. त्यांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ तर दोन धर्मांच्या माणसांचे कडाक्याचे भांडण आहे. दोघे एकमेकांच्या चालीरीतींची यथेच्छ टवाळी करतात आणि शेवटी गळाभेट घेतात. तमाशाच्या गवळणीतली मावशी मिशा काढलेला पुरुष असते आणि देवालाही चिमटे काढते. याच शाहिरी परंपरेत पेशवाईच्या काळात सगनभाऊ हा मुसलमान शाहीर गाजला. १९७१ साली दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ने हीच परंपरा पडद्यावर आणली. १९८३च्या ‘जाने भी दो यारों’मध्ये कुंदन शाह यांनी एका प्रेताला द्रौपदी करून महाभारताच्या रंगमंचावर उभे केले. लोक हसून बेजार झाले, आणि घरी जाताना त्यांना आठवले की ते प्रेत एका भ्रष्ट अधिकाऱ्याचे होते. २००६च्या सुमारास हैदराबादच्या दखनी बोलीतला ‘द अंग्रेज’ आला. निजामाच्या राजवटीत शतके काढलेल्या मराठवाड्याला ती बोली परकी वाटण्याचे कारणच नव्हते. खोलीतल्या आमच्या सोबत्यांनाही मालेगावचा विनोद समजावून सांगावा लागला नाही, तो याच मुरलेल्या सवयीमुळे.

पण याच काळात मालेगावचे नाव देशाला वेगळ्याच कारणाने पाठ झाले. ऑक्टोबर २००१मध्ये तिथे दंगल आणि गोळीबार झाला. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या शुक्रवारी, बडा कब्रस्तानजवळ बॉम्बस्फोट झाले. २९ सप्टेंबर २००८ रोजी पुन्हा स्फोट झाला. २००६च्या स्फोटांत मेले मुसलमान, आणि आधी पकडले गेले तेही मुसलमान. त्यांना न्यायालयाने दोषमुक्त केले ते २०१६ साली. त्या दिवसांत मालेगावचा माणूस नोकरीसाठी बाहेर पडला, तर गावाचे नाव ऐकून समोरच्याच्या कपाळावर आठी पडे. आमच्या त्या सोबत्याने हे सोसले होते. म्हणूनच तो सीडी बरोबर बाळगत असावा. “कहाँ के?” असे कुणी विचारले की तो हसून म्हणे, “सुपरमॅन के गाँव के.” त्याच्यापुरते ते ओळखपत्रच होते.

या चित्रपटांचे गोडवे गाताना त्यांतल्या उणिवा झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गावातल्या बायका-मुली या पडद्यावर नाहीत. नायिका बाहेरगावाहून आणाव्या लागल्या. ज्या मोहल्ल्यात पुरुषांना हसण्याची मुभा मिळाली, तिथे घरात बॉबिन भरणाऱ्या आयाबहिणींच्या हसण्याला पडदा लाभला नाही. शरीराच्या व्यंगावर बेतलेले विनोदही त्यांत आहेत. आमच्यातल्या काही बुजुर्गांना चित्रपट हेच मुळी वावडे, तर सुशिक्षितांना मालेगावची बोली गावंढळ वाटली. दोघांनीही या कामाची कदर केली नाही. त्या दोषात आम्हीही सामील आहोत.

फेब्रुवारी २०२५मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला, आणि नासिर, शफीक, फरोग या नावांना मोठ्या पडद्याने सलाम केला. आनंद झाला. पण मोठ्या पडद्यावर आली ती त्या चित्रपटांची कहाणी. मूळ काम मात्र ज्या व्हिडिओ टेप आणि सीड्यांवर उतरले, त्यांना बुरशी लागते, ओरखडे पडतात. आमची ती सीडीही खोल्या बदलताना कुठे गेली, कळले नाही.

आपण साहित्य संमेलने भरवतो, जुनी हस्तलिखिते शोधतो, शाहिरांच्या वह्या जपतो. त्याच कपाटात या सीड्यांनाही जागा हवी. ज्यांच्या घरी त्या असतील त्यांनी त्या टाकू नयेत. ज्यांना त्यातल्या नटांची, लेखकांची, सायकल ढकलणाऱ्या पोरांची नावे ठाऊक असतील त्यांनी ती लिहून ठेवावीत. उद्या कुणी विचारले की त्या वर्षांत मालेगावात काय झाले, तर स्फोटांच्या तारखा वर्तमानपत्रांत सापडतीलच. त्याच वर्षांत एक काडीपैलवान विणकर निळा पोशाख घालून आपल्या गावावरून उडाला होता, हे मात्र आपण सांगितले तरच कळेल.