नमुना, नोंद आणि विणकर

गेल्या दिवाळीच्या आधी घरात पैठणी घेण्याचा विषय निघाला. चेन्नईत राहून पैठणी शोधायची म्हणजे तीनच मार्ग. पहिला टी. नगरमधील मोठ्या दुकानाचा. तेथे कांचीपुरमच्या ढिगाशेजारी 'पैठणी सिल्क' अशी पाटी होती. पण ती कोठे विणली, हे विक्रेत्याला सांगता आले नाही. दुसरा मार्ग हातमाग प्रदर्शनाचा. येवल्याहून आलेल्या विणकराने काही न बोलता पदर उलटा करून दाखवला, कारण हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. तिसरा मार्ग संगणकाच्या पडद्यावरचा. तेथे 'पैठणी' हा शब्द ठळक अक्षरांत होता आणि 'आर्ट सिल्क' हे शब्द खाली कोठेतरी बारीक अक्षरांत. नाव एक, दुकाने तीन आणि वर्णनेही तीन. विकल्या जाणाऱ्या वस्तूचे अधिकृत वर्णन कोणी लिहावे, ते कोठे ठेवावे आणि प्रत्येक दुकानापर्यंत ते अविकृत कसे पोहोचावे, हा प्रश्न त्या दिवशी पुन्हा मनात आला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अकेर्लॉफ यांचा १९७० सालचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील निबंध आठवल्याशिवाय राहत नाही. मालाची खरी प्रत विक्रेत्याला ठाऊक असते, ग्राहकाला नसते. मग ग्राहक सर्व मालाला सरासरी भाव देऊ करतो आणि त्या भावात न परवडल्याने उत्तम माल बाजारातून हळूहळू बाहेर पडतो. पैठणीला हे तंतोतंत लागू पडते. मात्र चेन्नईत हा प्रश्न अकेर्लॉफ यांच्या कितीतरी आधी उभा राहिला होता. हे शहर वसले तेच मुळी कापडाच्या व्यापारासाठी.

१६३९ साली फ्रान्सिस डे याने मद्रासपट्टणमची जागा मिळवली, त्यामागे या किनाऱ्यावर कापड स्वस्त मिळते हे एक मोठे कारण होते. सेंट जॉर्ज किल्ल्यातून ईस्ट इंडिया कंपनीची कापडखरेदी सुरू झाली. लंडनहून मागणीची यादी येई. कोणत्या जातीचे कापड हवे, किती ताके, कोणत्या मापाचे, ही माहिती तीत असे. किल्ल्यातील अधिकारी स्थानिक व्यापाऱ्यांशी करार करीत आणि व्यापारी विणकरांना आगाऊ रक्कम देत. खरेदीदार लंडनला, विणकर आतल्या गावात आणि एका पत्राचे उत्तर यायला वर्षाहून अधिक काळ. अशा स्थितीत 'चांगले कापड' या शब्दांना काही अर्थ उरत नव्हता. म्हणून करारासोबत कापडाचा प्रत्यक्ष तुकडा ठेवण्याची पद्धत पडली. या तुकड्याला 'मस्टर' म्हणत. गोदामात आलेला माल मस्टरशी ताडून त्याची पहिली, दुसरी, तिसरी अशी प्रतवारी केली जाई आणि कमी प्रतीच्या मालाचा भाव कापला जाई.

मराठी वाचकाला 'मस्टर' म्हटले की कार्यालयातील हजेरीपट आठवेल. व्यापारातला शब्द पोर्तुगीज 'मोस्त्रा' म्हणजे नमुना यावरून आला, हजेरीचा इंग्रजीतून. पण दोघांचेही मूळ 'दाखविणे' या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूत आहे. माणूस हजर आहे हे दाखवायचे किंवा माल ठरल्याप्रमाणे आहे हे दाखवायचे, काम एकच. या व्यवस्थेतील ग्यानबाची मेख अशी की मस्टर खरेदीदाराच्या ताब्यात असे आणि तुलना करणारा अधिकारीही त्याचाच पगारी नोकर असे.

ही पद्धत खऱ्या अर्थाने केंद्रीय स्वरूपाला नेणारा माणूस म्हणजे जॉन फोर्ब्स वॉटसन. हा स्कॉटिश डॉक्टर १८५० साली मुंबई लष्कराच्या वैद्यकीय सेवेत आला. त्याने काही काळ अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) तोफखान्याबरोबर काम केले, पुढे मुंबईच्या जमशेटजी रुग्णालयात नोकरी केली आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवले. १८५८ मध्ये लंडनला भारतीय उत्पादनांची माहिती संकलित करणारा सरकारी अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली. १८६६ मध्ये त्याने जे तयार केले, ते आजच्या भाषेत 'प्रॉडक्ट कॅटलॉग' होय. भारतीय कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले होते. प्रत्येक नमुन्याला क्रमांक दिला होता आणि सोबत मापे, वजन, मूळ ठिकाण, किंमत अशी माहिती होती. अशा २० तंतोतंत सारख्या प्रती केल्या गेल्या. १३ ब्रिटनमध्ये ठेवल्या आणि ७ भारतात आल्या. भारतातील प्रतींसाठी कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि कराची या बंदरांबरोबर वऱ्हाडचीही निवड झाली होती, हे विदर्भातील वाचकांनी लक्षात घ्यावे.

सर्व प्रती सारख्या का, याचे उत्तर प्रशासनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. मद्रासच्या व्यापाऱ्याने मँचेस्टरला केवळ नमुन्याचा क्रमांक लिहून कळवावा आणि तेथल्या गिरणीवाल्याने तोच खंड उघडून तेच कापड बोटांनी चाचपावे, ही कल्पना होती. वर्णन एकदाच लिहायचे, क्रमांक एकच द्यायचा आणि वीस ठिकाणी तेच दिसेल अशी व्यवस्था करायची. संगणकाच्या कितीतरी आधी एका डॉक्टरने हे कात्री, डिंक आणि छापील चिठ्ठी यांच्या बळावर साधले. वॉटसनने आणखी एक गोष्ट ओळखली होती. येथील लोक धोतर, लुगडे, पागोटे, लुंगी अशी न शिवलेली वस्त्रे वापरतात. म्हणून काठ कोठे, पदर केवढा, एकूण लांबी किती, हीच त्या वस्तूची खरी माहिती आहे. सुटा तुकडा पाहून ती कळत नाही.

हे सारे वाचताना कौतुक वाटते आणि त्याच वेळी घशात काहीतरी अडकते. सातशे नमुन्यांखाली गावाचे नाव आहे, भाव आहे. पण विणणाऱ्याचे नाव शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. भारतातील लोकांना काय हवे आहे हे ब्रिटिश गिरण्यांना कळावे, हा या उद्योगाचा उघड हेतू होता. साळी-कोष्ट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली माहिती शिस्तीत बांधून त्यांच्याच प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावर ठेवली गेली. हातमागाच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत, ती सारी या खंडांवर लादणे योग्य नाही. पण व्यवस्था निर्दोष असूनही तिचा लाभ भलत्यालाच होऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

माहिती मालाबरोबर गेली नाही तर काय होते, याची एक गमतीदार हकीकत मद्रासच्या चौकड्याच्या कापडाबद्दल सांगितली जाते. १९५८ साली विल्यम जेकबसन या अमेरिकी आयातदाराने मद्रासच्या कॅप्टन कृष्णन यांच्याकडून हजारो वार कापड घेतले. थंड पाण्यात हलक्या हाताने धुवा, नाहीतर रंग जाईल, असे कृष्णन यांनी बजावले होते. ही सूचना पुढच्या दुकानदारापर्यंत पोहोचलीच नाही. कपडे धुतल्यावर रंग वाहू लागले, तक्रारी आल्या, खटल्याची भाषा झाली. अखेर जाहिरातदारांनी 'रंग जाण्याची हमी' हेच त्या कापडाचे वैशिष्ट्य म्हणून खपवले. कपड्याला धुण्याच्या सूचनेची चिठ्ठी लावण्याचा नियम अमेरिकेत १९७१ मध्ये झाला. एका वाक्याची माहिती एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाताना गळते, ती अशी.

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. भौगोलिक उपदर्शनाचा, म्हणजे आपण ज्याला जीआय म्हणतो त्याचा, कायदा १९९९ साली संमत झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याचे निबंधक कार्यालय चेन्नईत गिंडी येथे आहे आणि साऱ्या देशाची नोंदवही तेथेच आहे. पहिली नोंद दार्जिलिंग चहाची. पुढे पुणेरी पगडी, पैठणी, हापूस आणि कोल्हापुरी चप्पल यांच्या नोंदी झाल्या. २०१८ मध्ये नोंदलेला हापूस रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांचा. २०१९ मध्ये नोंदलेली कोल्हापुरी चप्पल मात्र महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांची समाईक. सीमाभागातील चर्मकाराने राज्यांची हद्द मानली नव्हती, कायद्यानेही ती मानली नाही. प्रत्येक अर्जात वस्तूचे वर्णन, नकाशा, तयार करण्याची रीत, ऐतिहासिक पुरावा आणि तपासणीची व्यवस्था द्यावी लागते. मस्टरचेच हे वंशज म्हणायचे.

फरक मात्र मूलभूत आहे. या नोंदवहीचे दोन भाग आहेत. 'अ' भागात वस्तूची नोंद होते आणि 'ब' भागात ती वस्तू त्या नावाने विकण्याचा अधिकार असलेल्या अधिकृत वापरकर्त्यांची. वॉटसनच्या खंडांत जी जागा रिकामी होती, ती येथे कायद्याने राखून ठेवली आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल तिचे मूळ न सांगता मांडली, तेव्हा गदारोळ झाला आणि भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. आपण बोट ठेवू शकलो ते नोंदीवर. पण 'अ' भागातील नोंद ही संघर्षाची अर्धीच बाजू आहे. 'ब' भागात कारागिराचे नाव आले नाही, तर तो समारंभातील सत्कारमूर्ती राहतो, हक्कदार होत नाही. त्यासाठी अर्ज, कागदपत्रे आणि पाठपुरावा लागतो आणि येथेच जिल्हा प्रशासनाची कसोटी आहे.

दुसरी उणीव वर्णन दुकानापर्यंत नेण्याची. १ जानेवारी २०१८ पासून वेष्टित मालावरची अनिवार्य माहिती ऑनलाइन विक्रेत्यालाही पडद्यावर द्यावी लागते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मूळ देशाचे नाव देणेही बंधनकारक केले. मग 'पैठणी' किंवा 'हापूस' हा शब्द टंकताच गिंडीच्या नोंदवहीतील वर्णन आणि अधिकृत वापरकर्त्याचा क्रमांक समोर यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. वीस प्रती सारख्या ठेवणे १८६६ मध्ये जमले होते.

तोपर्यंत, महाराष्ट्राबाहेर राहून घरची वस्तू शोधणाऱ्या वाचकांना एक विनंती. पैठणी घेताना, आंब्याची पेटी घेताना, चप्पल घेताना विक्रेत्याला एवढेच विचारावे, "अधिकृत वापरकर्ता कोण? नोंदणी क्रमांक काय?" बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही. पण चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्याच्या वेळी दुकानदार चौकशी करून ठेवतो. आम्ही पैठणी प्रदर्शनातूनच घेतली. पावतीवर विणकराने स्वतःच्या हाताने आपले पूर्ण नाव आणि गाव लिहून दिले. ती पावती साडीच्या घडीतच ठेवली आहे.