चित्रकथांतील भावी नगरें



इतिहास शिकविणाऱ्या माणसाचें आयुष्य भूतकाळाच्या संगतींत जातें. आज मात्र मला भविष्यकाळाविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. अर्थात् चित्रकारांनीं रंगविलेल्या भविष्यकाळाविषयीं. हल्लींचीं मुलें मोबाइलच्या पडद्यावर विज्ञानचित्रकथा वाचतात. त्या कथांतून ढगांच्याहि वर गेलेले कांचेचे मनोरे दिसतात, आकाशांत तरंगणारीं नगरें दिसतात, आणि मनोऱ्यांच्या मधून मोटारी पांखरांसारख्या उडतांना दिसतात. अशीं नगरें खरोखरच उभीं राहतील काय, असें मुलें विचारतात. आणि वडील माणसें ‘हा सारा कल्पनेचा खेळ’ असें म्हणून तो प्रश्न बाजूला सारतात. मला तो प्रश्न बाजूला सारण्याजोगा वाटत नाहीं. माणसानें आजवर काय बांधलें, त्यांतलें काय टिकलें आणि काय गेलें, ही हकीकत इतिहासाच्या दप्तरांत आहे. चित्रांतलें नगर संभवनीय आहे कीं नाहीं, हें ठरविण्यास त्या हकीकतीहून चांगली कसोटी मला माहीत नाहीं.

प्रथम या चित्रांचीच परंपरा थोडक्यांत पाहूं. १९१४ सालीं आंतोनिओ सांत-एलिया या तरुण इटालियन वास्तुकारानें ‘नवें नगर’ या नांवाखालीं कांहीं रेखाचित्रें काढलीं. त्यांत प्रचंड इमारती होत्या, एकावर एक असे रस्ते होते, आणि लिफ्टा भिंतींच्या बाहेरून चढत होत्या. १९१६ सालीं तो महायुद्धांत मारला गेला आणि त्याचें नगर कागदावरच राहिलें. १९२७ सालीं फ्रिट्झ लांग यानें ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट काढला; त्यांत श्रीमंत लोक मनोऱ्यांत राहतात आणि कामकरी जमिनीच्या पोटांत. १९३४ मध्यें अमेरिकेंतील वृत्तपत्रांत ॲलेक्स रेमंड याची ‘फ्लॅश गॉर्डन’ ही चित्रमालिका सुरू झाली. आपल्याकडे १९६४ पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघूं लागलें. त्यांत वेताळाच्या गोष्टींबरोबर पुढें फ्लॅश गॉर्डनहि आला. आतां कागद मागें पडला आहे. कागदाच्या पानाला खालचा कांठ असतो. मोबाइलवरील चित्रपट्टी बोटानें सरकवावी तितकी लांबत जाते. तेव्हां मनोरा वाटेल तितका उंच करण्यास चित्रकाराला आज कसलीच आडकाठी उरलेली नाहीं. म्हणूनच ती आडकाठी वाचकानें स्वतः घालावयास शिकलें पाहिजे.

पहिली कसोटी वजनाची. १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत गॅलिलिओनें एक साधी गोष्ट दाखवून दिली आहे. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर तिचें वजन आठपट होतें. परंतु तें वजन पेलणाऱ्या तळाचें क्षेत्रफळ मात्र चौपटच होतें. म्हणून हरणाचे पाय हत्तीला लावून चालत नाहीं. दुबई येथील ८२८ मीटर उंचीची बुर्ज खलिफा ही इमारत २०१० सालीं खुली झाली. तिचा पाया तीन पाख्यांचा पसरट आहे, आणि वर जातांना ती टप्प्याटप्प्यानें निमुळती होत जाते, जेणेंकरून वाऱ्याला सगळीकडे सारखी पकड मिळूं नये. याचा अर्थ असा कीं, चित्रांतील मनोरा उंच आहे एवढ्यावरून तो अशक्य ठरत नाहीं. खालीं देंठासारखा बारीक आणि वर छत्रीसारखा पसरलेला मनोरा दिसला, कीं मात्र शंका घ्यावी. शिवाय जितके मजले अधिक, तितक्या लिफ्टा अधिक. आणि त्या सर्वांच्या विहिरी खालच्या मजल्यांतूनच वर जावयाच्या, त्यामुळें खालची जागा त्याच खाऊन टाकतात. ही अडचण चित्रांत कधीं दिसत नाहीं.

दुसरी कसोटी पाण्याची, आणि ती शिकण्यास पुणेंकरांना दूर जावयास नको. शनिवारवाड्याचा पाया १७३० सालीं पहिल्या बाजीरावांनीं घातला आणि १७३२ मध्यें वास्तुशांत झाली. पुढें शहर वाढलें, पेठा वसल्या, आणि नदी व विहिरी यांवर भागेना. तेव्हां १७४९ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रज येथें तलाव बांधण्यांत आला, आणि तेथून जमिनीखालून बंदिस्त नळ घालून शहरांत व वाड्यांत पाणी आणलें. पाणी ओढण्यास यंत्र नव्हतें. केवळ उताराच्या जोरावर तें कित्येक मैल वाहत येई. वाटेंत हवा खेळावी म्हणून ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवले होते, आणि शहरांत लोकांसाठीं हौद बांधले होते. वाड्याच्या वैभवाचें वर्णन करणारे लोक हजारी कारंज्याची स्तुति करतात. परंतु जमिनीखालचा नळ नसता, तर वरचें कारंजें कोठून उडतें? चित्रकथेंतील आकाशनगरींत उद्यानें असतात, धबधबेसुद्धां असतात. त्यांचें पाणी कोठून चढतें आणि सांडपाणी कोठें उतरतें, हा प्रश्न विचारला, कीं बहुतेक नगरें तेथेंच खालीं येतात.

पाणी मिळविणें जितकें अवघड, तितकेंच तें आवरणेंहि अवघड. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें मातीचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंहि धरण फुटलें, आणि मुठेच्या कांठचे वाडे पाण्यांत बसले. ज्या यंत्रणेवर नगर जगतें, ती बिघडली म्हणजे काय होतें, हें त्या दिवशीं पुण्यानें पाहिलें. ज्या चित्रांत नगर आहे, पण त्या नगरावर येऊं शकणारें संकट नाहीं, तें चित्र अपुरें समजावें.

तिसरी कसोटी दुरुस्तीची. १९७२ सालीं तोक्यो येथें किशो कुरोकावा या वास्तुकारानें चित्रकथेंतून उचलून आणावी अशी एक इमारत खरोखर बांधली. दोन उंच खांबांना १४० लहान खोल्या डब्यांसारख्या जोडलेल्या होत्या. दर पंचवीस वर्षांनीं जुना डबा काढावा आणि नवा बसवावा, अशी योजना होती. परंतु वरचे डबे काढल्यावांचून खालचा डबा निघेना, आणि इतक्या मालकांचें एकमतहि होईना. एकहि डबा बदलला गेला नाहीं, आणि २०२२ मध्यें ती इमारत पाडण्यांत आली. कल्पना चुकली नव्हती, बांधकामहि चुकलें नव्हतें. पन्नास वर्षांनंतर तिची निगा कोण राखील, याचा हिशेब चुकला होता. आमच्या शनिवारवाड्याला १८२८ मध्यें आग लागली, तेव्हां लांकडी मजले जळून गेले आणि दगडी तट, दरवाजे व जोतीं तेवढीं राहिलीं. इमारतीचे सर्व भाग एकाच वेगानें म्हातारे होत नाहींत. चित्रांतील नगरांत मात्र एकहि भिंत ओलावलेली नसते, आणि शिडी लावून कांच पुसणारा माणूस तर औषधालाहि सांपडत नाहीं.

चौथी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती वयाची आहे. चित्रांतलें भावी नगर सगळेंच्या सगळें एका वयाचें असतें. जणूं काल रात्रीं तें एकदम उगवलें. खरें नगर असें कधींच नसतें. मुठेवरचा लकडी पूल कधींच दगडी झाला, तरी त्याचें नांव लकडी पूलच राहिलें. शनिवारवाड्याजवळचा १९२३ सालचा पूल शंभर वर्षांचा झाला, तरी लोक त्याला नवा पूलच म्हणतात. आतां त्याच नदीवरून मेट्रो जाते, आणि डेक्कनच्या स्थानकाला पगडीचा आकार दिलेला आहे. नवें येतें, तें जुन्याला पुसून येत नाहीं. त्याच्या शेजारीं, त्याच्या खालीं, कधीं त्याच्या डोक्यावर बसतें.

याचें एक सुंदर उदाहरण विद्यापीठाच्या आवारांत आहे. १९७४ सालीं टोपणनांवानें ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथा लिहून बक्षीस मिळविणारे डॉ. जयंत नारळीकर १९८८ मध्यें स्थापन झालेल्या ‘आयुका’ या संस्थेचे पहिले संचालक झाले. आकाशाचा अभ्यास करणारी संस्था, आणि तिचे प्रमुख विज्ञानकथाकार. तेव्हां इमारत अग्निबाणाच्या आकाराची व्हावी असें कोणाला वाटलें असतें. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं अवकाशाचा काळोख दाखविण्यासाठीं इकडच्याच काळ्या दगडाच्या भिंती घेतल्या, मध्यें पायऱ्यांचें कुंड केलें, आणि चौकांत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे बसविले. भविष्याकडे पाहणारी वास्तु जुन्या साहित्यांतूनहि उभी राहूं शकते, हें तेथें जाऊन कोणालाहि पाहतां येईल.

आतां कोणी म्हणेल, कीं गोष्टीला इतका हिशेब कशाला? पुष्पक विमानाचें इंधन आपण कधीं विचारलें काय? आक्षेप योग्य आहे. अद्भुताला अद्भुत म्हणून सांगितलें, तर माझें कांहींच म्हणणें नाहीं. परंतु विज्ञानाचें नांव घेऊन ‘उद्यां असें होणार’ असें जें सांगतें, त्याला हिशेब द्यावाच लागतो. आणि यांत केवळ वाङ्मयाचा प्रश्न नाहीं. लहानपणीं डोळ्यांत भरलेलें चित्र पुढें माणसाची हौस बनतें आणि मग मागणी बनते. गेल्या कांहीं दशकांत पुण्याच्या भोंवतीं उंच इमारतींचीं रानें उठलीं. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणीं उन्हाळ्यांत टँकरनें पाणी आणावें लागतें. विकत घेणाऱ्यांना आधीं त्या इमारतींचीं सुरेख रंगीत चित्रें दाखविलेलीं होतीं. त्या चित्रांत टँकर नव्हता. चित्रकथा वाचतांना ज्यानें पाण्याविषयीं विचारण्याची संवय लावून घेतली, तो मोठेपणीं घर घेतांना आणि मत देतांनाहि विचारील.

म्हणून चित्रें काढणाऱ्या मुलामुलींना माझें एवढेंच सांगणें आहे. मनोरा हवा तितका उंच काढा, फक्त त्याचा पाया रुंद ठेवा. एका कोपऱ्यांत पाण्याचा नळ कोठून येतो तें दाखवा, आणि त्यांतला गाळ काढणारा माणूसहि दाखवा. मग शेजारीं एक जुना पूल काढा, ज्याला त्या नगरांतले लोक अजून नवा पूल म्हणत असतील.